शेवळाची जुडी आणि ग्रीक मुळे

पावसाची पहिली सर येऊन गेली की मुरबाड, सरळगाव, किन्हवली, शहापूर इथल्या बाजारांत शेवळे या रानभाजीच्या जुड्या दिसू लागतात. ठाकूर आणि कातकरी बायका रानातून ती काढून आणतात आणि रस्त्याच्या कडेला मांडून बसतात. शेजारी काकडाच्या हिरव्या फळांचे वाटे असतात. शेवळे घेतली की काकडे घ्यावीच लागतात, कारण शेवळाला खाज असते आणि ती काकडाच्या आंबट रसाने मरते. घरी आल्यावर वरचे जांभळट आवरण सोलायचे, आतल्या दांड्याचा दाणेदार भाग काढून टाकायचा, उरलेले बारीक चिरून काकडाच्या रसात शिजवायचे. हे ज्ञान इथल्या प्रत्येक घरात आहे. सातवी-आठवीतल्या मुलीलाही ते येते.

तीच मुलगी अकरावीला विज्ञान शाखेत गेली की याच वनस्पतीचे दुसरे नाव तिच्यासमोर येऊ शकते : अमॉर्फोफॅलस कम्युटेटस. बाजारातल्या जुडीशी या शब्दाचे काही नाते असेल, असे तिला वाटत नाही. ती तो पाठ करते, परीक्षेत लिहिते आणि विसरते. खरे तर शब्द उघडून दाखवायला पाच मिनिटे पुरतात. ‘अ’ म्हणजे नसलेला. ‘मॉर्फे’ म्हणजे रूप, आकार. ‘फॅलस’ म्हणजे लिंग. शेवळाच्या प्रजातीतला तो जाड, बेढब दांडा पाहून वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला सरळ ‘बेढब लिंगासारखा’ म्हटले आहे. यात लाजण्यासारखे काही नाही. नाव ठेवणाऱ्याने जे पाहिले, ते लिहिले. सुरण याच प्रजातीतला, म्हणून त्याच्या शास्त्रीय नावाचा पहिला शब्दही हाच.

‘मॉर्फे’ एकदा कळला की पुढची कामे आपोआप होतात. मॉर्फॉलॉजी म्हणजे रूपांचे, बाह्य रचनेचे शास्त्र. मेटामॉर्फोसिस म्हणजे रूपांतरण, अळीचे फुलपाखरू होणे. अमॉर्फस कार्बन म्हणजे ज्याच्या कणांना स्फटिकासारखी नियमित मांडणी नाही असा कार्बन, आणि त्याचे पुस्तकातले उदाहरण म्हणजे लोणारी कोळसा. शहापूर-मुरबाडच्या रानांत कातकऱ्यांच्या कित्येक पिढ्या ठेकेदारांच्या कोळसाभट्ट्यांवर राबल्या. एका बाजूला शेवळे, दुसऱ्या बाजूला कोळसा, आणि दोघांच्या नावात एकच शब्द. एक रसायनशास्त्रात शिकवतात, दुसरे वनस्पतिशास्त्रात, म्हणून ते कधी शेजारी येत नाहीत.

शेवळाची खाजही अशीच उघडते. तिच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते जिभेला आणि घशाला टोचतात. या स्फटिकांना रॅफाइड म्हणतात. ‘ऱ्हाफिस’ म्हणजे ग्रीक भाषेत शिवायची सुई. ऑक्झलेट हा शब्द ऑक्झॅलिस या वनस्पतीवरून आला. ही म्हणजे आपल्या अंगणात, कुंड्यांत उगवणारी आंबुटी. तिच्या नावात ‘ऑक्सिस’ आहे, म्हणजे तीक्ष्ण, आंबट. ऑक्सिजनमधला ‘ऑक्सि’ हाच. रसायनशास्त्रज्ञ लव्हाझियेला वाटले होते की प्रत्येक आम्ल या वायूमुळे होते, म्हणून त्याने त्याला ‘आम्लजनक’ असे नाव दिले. पुढे ती समजूत चुकीची ठरली, कारण मिठाच्या आम्लात, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्लात, ऑक्सिजन नाहीच. नाव मात्र राहिले. म्हणजे या शब्दांत विज्ञानाच्या चुकाही जपून ठेवलेल्या असतात, आणि विद्यार्थ्याला त्या दाखवल्या पाहिजेत. विज्ञान कसे चालते, हे त्याला व्याख्येपेक्षा अशा एका शब्दावरून लवकर कळते.

हे सगळे इतक्या आग्रहाने सांगण्याचे कारण आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत, आश्रमशाळेत, गावच्या हायस्कुलात मराठीतून विज्ञान शिकलेली मुले दहावीपर्यंत ‘प्रकाशसंश्लेषण’, ‘संधिपाद’, ‘उभयचर’, ‘कंटकचर्मी’ असे शब्द शिकतात. सेमी-इंग्रजीचे वर्ग सोडले तर पुस्तकातला मुख्य शब्द मराठी असतो. अकरावीत विज्ञान शाखा इंग्रजीतून सुरू होते आणि जून-जुलैच्या दोन महिन्यांत शेकडो नवे शब्द अंगावर येतात. डोळखांब किंवा टोकावड्याहून एसटीने येणारा मुलगा तेव्हा म्हणतो, ‘मला इंग्रजी येत नाही.’ पण त्याला अडवणारे बहुतेक शब्द इंग्रजी नसतातच. ते ग्रीक आणि लॅटिन असतात, आणि लंडनच्या मुलालाही ते तितकेच परके असतात. तोही ते पाठच करतो. इथे मराठी मुलगा मागे नाही. उलट माझे ठाम मत आहे की तो थोडा पुढे आहे, कारण समास फोडायला त्याला शाळेतच शिकवलेले असते.

संधिपाद घ्या. ‘आर्थ्रॉन’ म्हणजे सांधा, ‘पोद’ म्हणजे पाय, म्हणून आर्थ्रोपोडा. भातखाचरात पहिल्या पावसात पकडलेल्या चिंबोरीचा पाय हातात घेतला की सांधे मोजता येतात. उभयचर : ‘अँफि’ म्हणजे दोन्ही बाजूंचा, ‘बिओस’ म्हणजे जीवन. कंटकचर्मी : ‘एखिनोस’ म्हणजे साळिंदरासारखा काटेरी प्राणी, ‘देर्मा’ म्हणजे कातडी. मराठी परिभाषा घडवणाऱ्यांनी ग्रीक शब्दाचे तुकडे केले, प्रत्येक तुकड्याला संस्कृत जोड शोधला आणि पुन्हा सांधले. १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले, त्यानंतर परिभाषा कोश निघाले आणि बालभारतीच्या पुस्तकांतून हे शब्द खेडोपाडी गेले. ‘शब्द जड आहेत’ म्हणून या लोकांना नावे ठेवायची पद्धत आहे. मला ते अन्यायाचे वाटते. त्यांनी मराठी मुलाच्या हातात ग्रीक शब्दाची किल्लीच दिली होती. दहावी आणि अकरावीच्या मध्ये ती कोणी फिरवून दाखवत नाही, हा दोष त्यांचा नव्हे.

आणखी एक सोय आपल्याला फुकट मिळालेली आहे. ग्रीक आणि संस्कृत या बहिणी-बहिणी. नकार दाखवणारा ‘अ’, स्वरापुढे ‘अन्’, दोन्हीकडे सारखा : आपल्याकडे अनादर, त्यांच्याकडे ॲनिमिया. पेंटा-पंच, हेप्टा-सप्त, ऑक्टो-अष्ट, डेका-दश. पेरि म्हणजे परि. हायपर म्हणजे उपरि, हायपो म्हणजे उप, हे दोन शब्द डॉक्टरी शिकणाऱ्यांना फार छळतात, पण उपरि आणि उप यांची अदलाबदल मराठी माणसाकडून होणार नाही. होमो म्हणजे सम. अँफि आणि उभय हेही एकाच मुळाचे. फोटोसिंथेसिसमधला ‘फोटो’ आपल्या प्रभा-आभा यांतल्या ‘भा’ धातूचा भाऊ आहे आणि ‘थेसिस’ हा ‘धा’ धातूचा. असे तीस-चाळीस तुकडे एका वहीत लिहून ठेवले तर अकरावी-बारावीच्या जीवशास्त्रातला बराच भार हलका होतो. वहीत फक्त अर्थ लिहू नये. तुकड्यासमोर आपल्या रानातली किंवा घरातली एक वस्तू लिहावी. ‘अँथोस’ म्हणजे फूल, त्यापुढे कारवी. कारण कारवीची प्रजाती स्ट्रोबिलँथस, शंकूसारखा फुलोरा असलेली. माळशेजच्या अंगावर आठ वर्षांतून एकदा ती फुलते आणि तिच्याच काठ्यांनी इथल्या घरांचे कूड बांधतात. ‘एरिथ्रोस’ म्हणजे लाल, त्यापुढे पांगारा, म्हणजे एरिथ्रिना. मग रक्तातली तांबडी पेशी एरिथ्रोसाइट का, हे विचारावे लागत नाही.

एरिथ्रोस हा शब्द मुरबाडकरांसाठी आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने ‘एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस’ नावाची माहितीवही लिहिली. एरिथ्रियन म्हणजे तांबडा. पेरिप्लस म्हणजे किनाऱ्या-किनाऱ्याने केलेला जलप्रवास. संस्कृतात अक्षराला अक्षर जुळवले तर ‘परिप्लव’. या वहीत कल्याण बंदराचे नाव ‘कल्लिएना’ असे आहे, आणि तिथे ग्रीक जहाजे आली तर पहाऱ्यात भडोचला नेली जातात, अशी तक्रारही आहे. कल्याणला उतरलेला माल देशावर जायचा तो मुरबाडवरून. आज वैशाखऱ्याच्या पुढे जिथे नाणेघाटाची पायवाट सुरू होते, तोच तो मार्ग. घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. त्यात यज्ञांत दिलेल्या दानांचे आकडे कोरलेले आहेत आणि भारतीय अंकचिन्हांच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत ते मोडतात. घाट चढून पलीकडे जुन्नरला गेले की तिथल्या लेण्यांत तीन दाते स्वतःला ‘यवन’ म्हणवतात : इरिल, चिट आणि चंद. यवन म्हणजे मुळात आयोनियाचा, ग्रीक. म्हणजे ग्रीकांशी या मुलखाची ओळख अकरावीच्या पुस्तकातून झालेली नाही, ती दोन हजार वर्षांची आहे.

त्या काळात ग्रीक शब्द आपल्या भाषेत शिरलेही. सगळे याच घाटाने आले असे नाही. फलज्योतिषाचे आणि खगोलाचे शब्द ग्रंथांतून आले, ‘यवनजातक’ या संस्कृत ग्रंथाचे नावच ते सांगते. पंचांगवाल्यांचा ‘होरा’ हा ग्रीक ‘होरा’, म्हणजे तास. कुंडलीतला ‘जामित्र’ म्हणजे ‘दिआमेत्रॉन’, व्यास. पण सर्वांत जास्त रुजला तो ‘केंद्र’. ग्रीक ‘केंत्रॉन’ म्हणजे टोचणारे टोक, बैलाला टोचायच्या पराणीचे टोक. त्यावरून कंपासाचे रोवलेले टोक आणि त्यावरून वर्तुळाचा मध्य. प्राथमिक आरोग्य केंद्र, परीक्षा केंद्र, केंद्रशाळा, केंद्रप्रमुख : शहापूर तालुक्यात असे गाव नसेल जिथे हा ग्रीक शब्द रोज उच्चारला जात नाही. जो माणूस केंद्र बोलतो, त्याला ग्रीक शब्द जमत नाहीत असे कोणी म्हणू नये.

‘लिप्ता’ हा शब्द त्या मानाने कमी ओळखीचा. जुन्या सिद्धांतग्रंथांत अंशाच्या साठाव्या भागाला लिप्ता म्हणतात. तो ग्रीक ‘लेप्तॉन’, म्हणजे बारीक. आता हाच ‘लेप्टो’ भाताच्या चिखलात भेटतो. लेप्टोस्पायरोसिस हा रोग ज्या जंतूने होतो तो बारीक आणि मळसूत्रासारखा वळलेला असतो : लेप्टो, बारीक, ‘स्पेइरा’, वेटोळे. उंदरांच्या आणि जनावरांच्या मुतातून तो साचलेल्या पाण्यात येतो आणि पायाच्या जखमेतून, भेगेतून शरीरात शिरतो. लावणीच्या दिवसांत ताप अंगावर काढू नका, असे आरोग्यसेविका सांगते ते यासाठी. एका शब्दाने आकाशातला कोन मोजला गेला आणि रोगाचा जंतूही त्यानेच ओळखला गेला.

आता साप. या भागात पावसाळ्यात सर्पदंश ही रोजची भीती आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारांवर चालणारे एकच प्रतिविष सरकारी दवाखान्यात ठेवलेले असते. डॉक्टर आधी पाहतात ते विष कोणत्या जातीचे आहे. नाग आणि मण्यार यांचे न्यूरोटॉक्सिक, म्हणजे चेतासंस्थेवर जाणारे : पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही, श्वास थांबू लागतो. पापणी पडण्याला टोसिस म्हणतात, ग्रीकमध्ये त्याचा अर्थच पडणे. घोणस आणि फुरसे यांचे हिमोटॉक्सिक, रक्तावर जाणारे. त्याची तपासणी फार साधी आहे. काचेच्या कोरड्या नळीत थोडे रक्त घ्यायचे, वीस मिनिटे नळी न हलवता ठेवायची आणि मग तिरकी करायची. रक्त गोठले नसेल आणि वाहत असेल, तर विष रक्तात उतरले आहे. मोठ्या प्रयोगशाळेची गरज नाही.

या दोन शब्दांत ‘टॉक्सिक’ आहे, आणि त्याची गोष्ट इथल्या माणसाला लगेच कळेल. ‘तोक्सॉन’ म्हणजे धनुष्य. बाणाच्या टोकाला लावायच्या विषाला ग्रीक लोक ‘तोक्सिकॉन फार्माकॉन’ म्हणत, म्हणजे धनुष्याचे औषध. पुढे ‘औषध’ गळाले आणि नुसता ‘धनुष्याचा’ एवढाच शब्द विष या अर्थाने उरला. त्याच ‘फार्माकॉन’वरून फार्मसी आली. न्यूरोमधला ‘नेउरॉन’ म्हणजे मुळात तात, जनावराच्या शरीरातला चिवट दोर. तिच्यापासूनच धनुष्याची दोरी वळत. त्या काळी तात आणि मज्जातंतू यांतला फरक माहीत नव्हता. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरोफिलसने शवविच्छेदन करून तो दाखवला, आणि मग ‘नेउरॉन’ मज्जातंतूकडे गेला. संस्कृतातला ‘स्नायु’ याच मुळाचा. त्याचाही पहिला अर्थ तात आणि धनुष्याची दोरी. आपण मराठीत तो मांसपेशींकडे नेला. कातकऱ्याच्या तीरकामठ्यात जे आहे, तेच न्यूरोटॉक्सिक या एका शब्दात आहे : दोरी आणि धनुष्य.

साम्य दिसले की लगेच विश्वास ठेवायचा नाही, हेही याच वहीत लिहायला हवे. हिमोग्लोबिनचा ‘हिमो’ हिमालयाच्या हिमाशी जोडणारे विद्यार्थी असतात. तो ‘हाइमा’, रक्त. सागाचे शास्त्रीय नाव टेक्टोना. ग्रीकमध्ये ‘तेक्तॉन’ म्हणजे सुतार, संस्कृत ‘तक्षन्’ त्याचाच भाऊ, आणि सागाशी सुताराचे नाते तर उघड आहे. तरीही टेक्टोनाचे मूळ तिथे नाही. मलयाळममधल्या ‘तेक्क’ या नावाचे पोर्तुगिजांनी ‘तेका’ केले आणि त्याला पुढे ग्रीक-लॅटिन वळण मिळाले. शब्दाचे मूळ कानाने ठरत नाही. कोशात पाहावे लागते.

तत्त्वज्ञानाचे शब्द शिकताना ही सावधगिरी जास्त लागते, कारण तिथे शब्दासमोर ठेवायला वस्तू नसते. चिंबोरीचा पाय दाखवता येतो, ऑन्टॉलॉजी दाखवता येत नाही. पण मूळ इथेही मदतीला येते. ‘ऑन्’, ‘ओन्तोस’ म्हणजे जे आहे ते. असणे या क्रियापदाचे ते वर्तमानकालवाचक धातुसाधित विशेषण. संस्कृतात त्याच मुळापासून ‘सत्’ आणि ‘सन्त्’ झाले, आणि आपला ‘संत’ हा त्यातलाच. ऑन्टॉलॉजी म्हणजे सत्ताशास्त्र, असण्याचा विचार. ज्या घरात हरिपाठ होतो, त्या घराला सत् आणि असत् यांचा प्रश्न नवा नाही. अॅटमचेही तसेच : ‘अ’ नकाराचा, ‘तोमे’ म्हणजे कापणे. जो पुढे कापता येत नाही तो. डेमोक्रिटसने ग्रीसमध्ये आणि कणादाने वैशेषिक दर्शनात वेगवेगळ्या वाटांनी अविभाज्य कणाचा विचार मांडला. परमाणू फुटला तेव्हा दोघांचाही शब्द खोटा ठरला, ऑक्सिजनसारखाच. ‘कॅटेगरी’ हा शब्द मात्र मराठीत आणताना बदलावा लागला. ‘कातेगोरिया’ म्हणजे चव्हाट्यावर एखाद्यावर केलेला आरोप. ॲरिस्टॉटलने तो एखाद्या वस्तूविषयी काय काय म्हणता येते, या अर्थी वापरला. मराठी लेखकांनी आरोपाचे भाषांतर केले नाही, त्यांनी वैशेषिकांचा ‘पदार्थ’ घेतला. मला हा निर्णय धाडसाचा वाटतो, कारण एका परंपरेचा प्रश्न दुसऱ्या परंपरेच्या शब्दात ठेवला की दोन्हींची तुलना करणे भाग पडते. दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला मराठी तत्त्वज्ञान महाकोश १९७४ साली तीन खंडांत निघाला. तालुक्याच्या एखाद्या ग्रंथालयात तो सापडला तर अशा जोड्या त्यात चाळून पाहाव्यात.

तत्त्वज्ञान आणि रान एकत्र भेटतात असे एक नाव शहापूर तालुक्यात आहे. तानसा अभयारण्यात २०१४ साली रानपिंगळा दिसल्याची नोंद झाली. हा पक्षी १८८४ नंतर कोणाला खात्रीने दिसलाच नव्हता. १९९७ मध्ये तो शहाद्याजवळ पुन्हा सापडला आणि जगभर बातमी झाली. पक्षिशास्त्रज्ञ ॲलन ह्यूमने १८७३ मध्ये त्याला हेटेरोग्लॉक्स असे प्रजातीचे नाव दिले : ‘हेटेरो’ म्हणजे वेगळा, ‘ग्लाउक्स’ म्हणजे घुबड. आपल्या गावातला नेहमीचा पिंगळा आहे अथेने प्रजातीतला. अथेना ही अथेन्सची बुद्धीची देवता, पिंगळ्यासारखे घुबड तिचे, आणि सॉक्रेटिस ज्या शहरात लोकांना प्रश्न विचारत फिरला त्या शहराच्या नाण्यांवर ते कोरलेले असे. ह्यूमचे म्हणणे होते की रानपिंगळा या अथेने-घराण्यातला नाही, तो निराळा. हेटेरो हा शब्द म्हणजे त्याने केलेला दावा होता. शास्त्रज्ञ त्यावर बराच काळ वाद घालत राहिले. २०१८ मध्ये डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्याने कौल दिला की तो अथेनेच. म्हणून जुन्या पुस्तकात हेटेरोग्लॉक्स ब्लेविटी आणि नव्या यादीत अथेने ब्लेविटी अशी दोन नावे दिसतात. तानशाच्या जंगलात पक्षी पाहायला जाणाऱ्या मुलांनी वहीत दोन्ही लिहावीत आणि दोन्हींसमोर साल टाकावे.